सात पायऱ्यांचं जोतं

माझ्याकडे हल्ली लोक घराचा नकाशा घेऊन येतात. वडिलांच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं असतं, नाहीतर आईची एक बाजू लुळी पडलेली असते, आणि न्हाणीघराच्या दाराशी काय करावं हे कुणाला सुचत नसतं. मी टेप खिशात घालतो, काठी टेकत जातो, दार मोजतो, उंबरा मोजतो. पण सगळ्यात आधी एक प्रश्न विचारतो, संडासाला आतून कडी कुठं आहे? लोक एकमेकांकडे बघतात. म्हातारा जरा चळलाय, असं त्यांना वाटत असणार.

त्या प्रश्नामागं माझ्या आयुष्याची दोन वर्षं आहेत. ज्यांच्या घरात नुकतंच कुणी आडवं पडलंय त्यांच्यासाठी ती लिहून ठेवतो आहे. औषधांची नावं यात सापडणार नाहीत, ती डॉक्टरांना विचारा. माझ्या घरच्यांनी मला कसं फसवलं ते मात्र सगळं सांगणार आहे. तोही आजारपणाचाच भाग असतो, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तो कधी लिहिलेला नसतो.

जोतं उंच घ्या

लातूर जिल्हा झाला तेव्हा मी बांधकाम खात्यात ओव्हरसीयर होतो. गावात एकदम साहेब लोकांचं पीक आलं. कचेऱ्या, क्वार्टर, बंगले, आणि ज्वारीच्या रानात चुना टाकून आखलेल्या नव्या वसाहती. दिवसभर सरकारी काम आणि संध्याकाळी ओळखीपाळखीच्यांचे नकाशे, असं चाललं होतं. येईल त्याला माझा एकच सल्ला असायचा, जोतं उंच घ्या. नव्या जिल्ह्यात रस्ता दरसाल वर येतो. आधी मुरूम, मग खडी, मग डांबर, मग निवडणूक आली की त्याच्यावर पुन्हा डांबर. जोतं बुटकं ठेवलं तर दहा वर्षांत तुम्ही खड्ड्यात राहाल. लोक ऐकायचे, कारण उंच जोत्याला मानही असतो. मुलगी बघायला आलेला पाहुणा आधी पायऱ्या मोजतो आणि मग मुलीकडे बघतो, असं आमच्यात म्हणतात.

आम्हा दोघा भावांचं घर बांधताना मी स्वतःचा सल्ला जरा जास्तच मनावर घेतला. चार फूट जोतं, सात इंचांची एक अशा सात पायऱ्या. थोरल्या भावाला मी अण्णा म्हणतो. त्याचं गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, भुसार मालाचं दुकान. वास्तुशांतीच्या दिवशी तो कपाळभर विभूती लावून सातव्या पायरीवर उभा होता आणि येईल त्याला सांगत होता, "आमच्या मल्लूनं बांधलंय." वहिनी आधीच वारली होती. तिची एकुलती मुलगी महानंदा माझ्या बायकोच्या, शांताच्या, अंगाखांद्यावर वाढली. आम्हाला मूलबाळ नाही. तेव्हा घरात माणसं चारच, आणि चौघांत मूल ते एक.

गवंडी खाजामियाँ. माझी निम्मी कामं त्याच्याच हातची. तो तेवढा त्या दिवशी म्हणाला होता, "साब, बुढापे में ये सीढ्याँ भारी पडेंगी." मी हसलो होतो. मी तेव्हा बेचाळीस वर्षांचा होतो आणि म्हातारपण ही मागच्या गल्लीतल्या लोकांना होणारी गोष्ट आहे अशी माझी समजूत होती.

संडास मागच्या अंगणात, कोपऱ्याला. घराच्या आत संडास हे तेव्हा कुणाला सोसत नव्हतं, आणि मलाही नव्हतं.

पाय उचलेना

पाठ आधीपासून दुखत होती. स्कूटरमुळे असेल म्हणून मी बाम चोळत राहिलो. एके सकाळी क्वार्टरच्या कामावर शिडीच्या तिसऱ्या दांड्यावर होतो आणि उजवा पाय उचलेना. दुखत नव्हता, मुंग्या नव्हत्या, फक्त माझं ऐकत नव्हता. मी वरून मिस्त्रीला शिव्या देत होतो, त्या देता देता थांबलो. खाली उतरवायला तीन माणसं लागली.

लातूरच्या डॉक्टरांनी एक्सरे खिडकीच्या उजेडात धरला. "मणका पोखरलाय. टीबी आहे," ते म्हणाले.

मी म्हणालो, "टीबी खोकणाऱ्याला होतो. मला खोकला नाही."

"हाडालाही होतो. नांदेडला जा, ऑपरेशन करावं लागेल. पायांचं तिथं कळेल."

पायांचं कळेल, म्हणजे काय कळेल हे विचारायचा मला धीर झाला नाही. अण्णा शेजारी बसला होता. बाहेर आल्यावर त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला, डोळे पुसले आणि पहिलं वाक्य बोलला ते असं, "मल्लू, हे बाहेर बोलायचं न्हाई. बांधकामावरून पडला म्हणून सांगायचं."

पडलेला माणूस चालतो, टीबीचा चालत नाही. घरात लग्नाची पोरगी होती, मला कळत होतं. तरी ते माझ्या जिव्हारी लागलं. माझ्या परांचीवरून आजवर मजूर पडला नव्हता, आणि आता गावभर झालं की ओव्हरसीयर स्वतःच पडला.

नांदेडचे तीन महिने

ऑपरेशन झालं. छातीपासून कमरेपर्यंत प्लास्टर चढलं आणि पाय कमरेखाली दोन पोती ठेवल्यासारखे पडून राहिले. डॉक्टर म्हणाले, पायांत जीव परत येईल, पण हळूहळू, आणि कदाचित पुरता येणार नाही. वर्षही लागेल. भरपूर पाणी प्या, पडून राहू नका, हातांवर जोर घेत राहा.

वॉर्डात पहाटे फरशी पुसायच्या फिनेलच्या वासानं जाग यायची. मग सुई, मग चहा, मग साहेबांची फेरी, आणि मग ज्याची मला सगळ्यात धास्ती होती ते भांडं. चाळीस खाटांच्या वॉर्डात पडदा एकच, तोही नेमका दुसऱ्याच्या खाटेला लागलेला असायचा. शांता चादर दोन्ही हातांनी ताणून धरायची आणि तोंड भिंतीकडे फिरवायची. मला होत नसे. मी तिच्यावर चिडायचो. आजार म्हणजे वेदना, असं मला आधी वाटत होतं. वेदनेची सवय होते, त्या चादरीची मला झाली नाही.

शेजारच्या खाटेवर अर्धापूरचा एक केळीवाला शेतकरी होता, एक पाय गुडघ्यापासून काढलेला. त्याची कारभारीण रोज केळी आणायची आणि आख्ख्या वॉर्डाला वाटायची. मी घरांचे नकाशे काढतो हे कळल्यावर त्यानं मला विचारलं, "सायेब, मंग एक सांगा. ज्याला पाय न्हाई त्यानं घरात कुटून शिरायचं? तुमच्या नकाशात त्याचं दार कुटं ऱ्हातं?"

वीस वर्षांत मी किती घरं काढली, त्यातल्या एकाही घरात मी आता स्वतःहून शिरू शकलो नसतो. माझ्या घरात तर मुळीच नाही.

दवाखान्यात जेवणाची गाडी वर न्यायला एक ढाळ होता, पायऱ्यांऐवजी उताराची फरशी. वॉर्डातला दगडूमामा मला चाकाच्या खुर्चीवरून तिथं न्यायचा. मी स्वतः चाकं ढकलून बघायचो. मामाला टेप धरायला लावून मोजलं, एक फूट चढायला बारा फूट लांबी. त्याहून उभा ढाळ असला की माझे दंड भरून यायचे. माझं जोतं चार फूट, म्हणजे अठ्ठेचाळीस फूट ढाळ लागणार. एक्सरेच्या पाकिटाच्या पाठीवर मी तो काढला. व्हरांड्याच्या टोकापासून घराच्या कडेनं सरळ मागच्या अंगणात, बरोबर संडासाच्या दारापाशी. मध्ये दम खायला सपाट जागा. मागच्या दारानं जमलं नसतं, तिथं स्वैपाकघराचे दोन उंबरे आडवे येतात. नोकरी लागल्यापासून इतकं मन लावून मी कुठलंच काम काढलं नव्हतं.

अण्णा भेटायला आला तेव्हा पाकीट त्याच्या हातात दिलं. त्यानं ते उलटंसुलटं करून बघितलं. "दारातच येतंय की रे हे," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बांधू. तू घरी ये, तवर झालेला असंल."

आणि खरंच झालेला होता. त्यासाठी मी अण्णाचं ऋण मानतो, म्हणूनच पुढचं जास्त लागलं.

पाच महिने

खाजामियाँनं ढाळ असा केला होता की त्यावर गोटी ठेवली तर ती सावकाश, शहाण्यासारखी खाली जायची. संडासात बसायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना विटा रचून वर भोक पाडलेली फळी बसवली, भिंतीला धरायला पाण्याचा दीड इंची पाईप. दार बाहेर उघडेल असं फिरवून घेतलं. आणि त्याच्या डोक्यातून निघालेली एक गोष्ट मी नकाशात काढलीच नव्हती. त्यानं कडी काढून खाली आणली, बसलेल्या माणसाच्या हाताला येईल अशी. "साब, अंदर से बंद करना तो आदमी का हक है," तो म्हणाला.

पहिल्या दिवशी मी खुर्ची ढकलत एकटा गेलो, फळीवर सरकलो आणि ती कडी लावली. पलीकडे कुणी नव्हतं, चादर नव्हती, भिंतीकडे फिरवलेलं तोंड नव्हतं. मी तिथं हमसून रडलो. असल्या जागी रडलेलं कुणाला सांगता येत नाही, म्हणून आजवर सांगितलं नव्हतं.

ते पाच महिने मी माणसात होतो. फाटकापर्यंत जायचो, पेपर वाचायचो, येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारायचो. उजव्या पायाचा अंगठा हलायला लागला. भांडं शांतानं घासून माळ्यावर टाकलं होतं.

मग प्लास्टरखाली जखम झाली, चिघळली, आणि मला पुन्हा नांदेडला न्यावं लागलं.

पत्र

त्या साली पाऊस नव्हता, त्याच्या आदल्या सालीही धड नव्हता. लातूरला टँकर चौथ्या दिवशी. नळाला जोर नाही म्हणून लोकांनी दारात खड्डे खणून नळ खाली उतरवले होते, आणि बायका त्या खड्ड्यात बसून तांब्यानं घागर भरायच्या. शांता चार दिवस माझ्याजवळ राहिली आणि पाण्यासाठी परत गेली. अर्धापूरचा केळीवाला नकली पायाचं माप द्यायला पुन्हा आला होता, त्याची कारभारीण मला भाकरी द्यायची.

जखम भरली. डॉक्टर म्हणाले, सोमवारी जा. मी घरी कळवलं. उलट टपाली पत्र आलं, शांताच्या अक्षरात. 'इकडे पाण्याचे फार हाल आहेत. तुमच्या जखमेला स्वच्छता लागेल. अजून पंधरा दिवस तिथेच राहावे, अण्णांचेही तेच म्हणणे आहे.'

मला ते पटलं. मी डॉक्टरांना गळ घालून खाट राखली आणि शांताला किती काळजी आहे म्हणून ते पत्र केळीवाल्यालाही वाचून दाखवलं. मूर्ख माणूस.

पंधरा दिवसांनी जीप फाटकाशी थांबली आणि मला सात पायऱ्या दिसल्या. नुसत्या पायऱ्या. त्यांच्यावर नवी शहाबादी फरशी, घासून गुळगुळीत केलेली. व्हरांड्याचा कठडा जिथं ढाळासाठी तोडला होता तिथं पुन्हा बांधून चुना लावलेला. ढाळ नव्हता.

"ढाळाच्या जागी जमिनीत टाकी घ्यायला लागली रे," अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाला. "पानी न्हाई गावात. करावं काय."

त्यानं आणि ड्रायव्हरनं मला खुर्चीसकट उचलून वर नेलं. मी म्हणालो, बरोबर आहे, पाणी आधी. मनापासून म्हणालो. संध्याकाळी शांतानं माळ्यावरून भांडं काढलं.

टाकी

भांडं धुवायला पाणी लागतं. घरात चौघांच्या पिण्याचं पाणी झाकून ठेवलेलं असताना बायको माझ्या भांड्यासाठी तांब्या बुडवते, हे मला बघवेना. मी पाणी पिणं कमी केलं. दिवसाला दोन पेले, मग एक. लघवीला आग व्हायला लागली. हलणारा अंगठा सुस्त पडला, असं तरी मला वाटायचं. दिवसभर मी समोरच्या खोलीत भिंतीकडे बघत पडून असायचो.

टाकी झाली म्हणतात, मग शांता अजून खड्ड्यात बसून तांब्यानं पाणी का भरते, हे माझ्या डोक्यात यायला आठ दिवस लागले. खुर्ची कडेच्या खिडकीशी घ्यायला सांगितली. खाली पाहिलं. सपाट मुरूम, चोपून बसवलेला. खणून बुजवलेली जमीन वेगळी दिसते, मध्ये बसते, कडेला भेग धरते. माझा जन्म असल्या जमिनी तपासण्यात गेला. तिथं कुदळीचा एक घाव पडलेला नव्हता.

मी कुणाला काही बोललो नाही. खाजामियाँला निरोप धाडला. तो आला, टोपी काढून खाटेशी बसला. मी विचारलं, "टाकी कुठं आहे?"

त्यानं टोपी गुडघ्यावर ठेवली. "साब, मैं नै तोड्या. मेरे कू बुलाये थे, मैं बोला मेरे से नै होता. दुसरा मिस्त्री लगाये." मग खाली बघून म्हणाला, "उदगीर के मेहमान आने वाले थे. बेटी देखने."

महानंदाचं उदगीरला ठरल्याचं मला आल्याआल्या सांगितलं होतं, बघणं कधी झालं ते नाही. खाजामियाँ गेल्यावर मी शांताला समोर बसवलं. ती आधी टाकीच सांगत राहिली. मग पदर तोंडाशी घेतला.

"ढाळ दिसला की पाव्हणे विचारणार, विचारलं की टीबी कळणार, आण्णा म्हणाले. लग्न झालं की परत बांधू म्हणाले."

"लग्नाला अजून महिना आहे."

"हाव."

"आणि मला दवाखान्यात ठेवलं ते?"

"तुमी दिसू नये म्हणून." तिनं ते सरळ सांगितलं. पुढं म्हणाली, "भांडं कुणी उचलायचं होतं? मीच ना? तरी मी हो म्हणले. महानंदाचं तोंड बगून हो म्हणले. तुमाला ईचारलं असतं तर तुमी काय म्हणला असता?"

मी हो म्हणालो असतो. हेच मला सहन होत नव्हतं. पोरीसाठी मी स्वतः घण मागून घेतला असता. त्यांनी मला विचारलं नाही, कारण त्यांच्या लेखी मी आता विचारायचा माणूस राहिलो नव्हतो. लपवायचा माणूस होतो. अण्णानं केलं असतं तर मी भावाला शिव्या दिल्या असत्या आणि मोकळा झालो असतो. पण ते पत्र शांताच्या अक्षरात होतं. मी ते उशीखालून काढलं आणि तिच्या हातात परत दिलं.

लग्न मंगल कार्यालयात झालं. कार्यालयाला अकरा पायऱ्या होत्या, हे अण्णानं मला न नेण्याचं कारण म्हणून सांगितलं. निघताना महानंदा माझ्या पाया पडायला आली. डोकं वर न करता म्हणाली, "काका, मला ठाऊक होतं. मी बोलले न्हाई." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तोंडातून शब्द काढला असता तर तो चांगला निघाला नसता.

पाहुणे

महिन्याभरानं महानंदाचे सासरे, काशिनाथअप्पा, तिला माहेरपणाला सोडायला आले. 'शरणार्थी' म्हणून नमस्कार झाला, चहा झाला. मी खाटेवर, पायांवर शाल. अण्णा त्यांच्याशी तुरीच्या भावाबद्दल बोलत होता. अप्पांनी मध्येच खुर्ची माझ्याकडे वळवली.

"मल्लिकार्जुनराव, तुमच्याकडं एक काम हाय. आमच्या अव्वाचा, माझ्या आईचा, खुबा मोडला त्याला पाच सालं झाली. तवापासून म्हातारी जोत्याखाली उतरली न्हाई. तुमी म्हणं खुर्चीसाठी ढाळ बांधला होता दारात. दिसंना कुटं, मागल्या बाजूला आसंल तर तेवढा दावा. तसाच बांधून घेतो."

"मोडला," मी म्हणालो.

"का वो?"

अण्णा घाईनं म्हणाला, "पान्याची टाकी..."

मी अण्णाकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत होता, लहानपणी काच फोडल्यावर बघायचा तसा, की मल्ल्या सांगू नको. तेव्हा मी कधीच सांगितलं नव्हतं. दरवेळी त्याच्यावरचा मार मी खाल्ला होता.

"तुम्ही मुलगी बघायला येणार होता," मी म्हणालो, "म्हणून मोडला."

शांता स्वैपाकघराच्या दारात उभी होती, तिथंच उभी राहिली. काशिनाथअप्पांनी कपबशी खाली ठेवली. रागावतील असं वाटलं, पण ते चक्रावल्यासारखे दिसत होते.

"आमी तर त्योच बगाया आलतो," ते म्हणाले.

तेच सांगायला लागले. "पाठीचा टीबी हाय हे आमाला आधीच ठाऊक होतं. गंजात काय झाकून ऱ्हातं का? लातूरच्या हमालानं उदगीरच्या हमालाला सांगितलं. अव्वा म्हणली, ज्या घरानं आपल्या माणसासाठी दारातला वट्टा फोडला, त्या घरची पोरगी आणा, ती मला बी बगंल. आलो तर ढाळ कुटंच दिसंना. म्हणलं, लोकांनी उगंच उठवलं आसंल. पोरगी गुणाची होती, म्हणून झालं."

अण्णा उठला आणि बाहेर गेला. चप्पल न घालता सातही पायऱ्या उतरून गेल्याचं मला ऐकू आलं.

पाणी

दुसऱ्या दिवशी सकाळी खाजामियाँ दारात होता. अण्णानंच बोलावलं होतं. नकाशा लागला नाही, खाजामियाँच्या हाताला तो पाठ होता. शहाबादी फरशी तशीच राहू दिली, शेजारून कठडा फोडला, सहा दिवसांत ढाळ झाला.

पण सिमेंटला पाणी लागतं. दोन आठवडे ओलं ठेवलं नाही तर ते पीठ होऊन सुटतं. आणि पाणी तर गावात नव्हतं, एवढं एक अण्णा खरं बोलला होता.

त्यानं दुकानातली बारदानं आणून ढाळभर अंथरली. अण्णा अंघोळ केल्याशिवाय लिंगपूजेला कधी बसला नाही, तापातसुद्धा नाही. ते दोन आठवडे तो तांब्याभर पाण्यात फडकं भिजवून अंग पुसायचा, तसाच पूजेला बसायचा, आणि त्याच्या वाट्याची बादली बारदानांवर ओतायचा. वाकून, वरपासून खालपर्यंत, एक टोक कोरडं राहू न देता. शांता पालेभाजी धुतलेलं पाणी ओतायची. माझ्याशी कुणी काही बोलत नव्हतं आणि मीही बोलत नव्हतो. खिडकीतून मला सगळं दिसायचं. पन्नाशी उलटलेला भाऊ माझ्यासाठी पारोसा राहतो आहे, हे बघून माझं मन भरून यायला हवं होतं. मला राग येत होता. आता बादल्या ओततोस, तेव्हा एकदा तोंड उघडून विचारलं असतंस तर, एवढंच डोक्यात फिरत होतं. आजारी माणसानं उदार असावं अशी लोकांची अपेक्षा असते. मी नव्हतो, आणि हे वाचणाऱ्या कुणाला तसा राग येत असेल तर त्यानं त्याची लाज धरू नये.

पुढं मी काठीवर चाललो. उदगीरच्या अव्वाचा ढाळ काढला, मग तिच्या ओळखीच्या कुणाचा, मग कुणाकुणाचे. दरवेळी एक अट घातली, ढाळ घराच्या तोंडाशी घ्यायचा, येणाऱ्याला दिसेल असा. आमचा रस्ता मी म्हटल्याप्रमाणं वर आलाच. सातपैकी तीन पायऱ्या त्यानं गिळल्या. अण्णाचे गुडघे गेले तेव्हा तोही पायऱ्या सोडून कडेनंच चढायचा. शांताशी संसार झाला, चांगला झाला. ते पत्र तिनं काय केलं हे मी कधी विचारलं नाही.

पण ढाळ सुकला तो दिवस सांगायचा राहिला.

सकाळी अण्णानं बारदानं उचलली. शांता दाराशी आली, खुर्चीला हात लावायला पुढं झाली. मी म्हणालो, "राहू दे." व्हरांड्यातून वळलो, चाकं हातांनी धरत धरत खाली आलो. मधल्या सपाट जागेवर दम खाल्ला. ढाळ अजून गार होता, ओल्या सिमेंटचा वास येत होता. संडासाचं दार ओढलं, पाईप धरून फळीवर सरकलो. खाजामियाँनं खाली बसवलेली कडी तिथंच होती, कुणाला ती मोडायचं सुचलं नव्हतं. माझ्या हाताची सवय गेली होती. दोनदा ओढल्यावर लागली.

बाहेर अण्णा आला होता. दाराखालच्या फटीतून मला त्याची अनवाणी पावलं दिसत होती.

"मल्लू," त्यानं विचारलं, "जमलं का रे?"

त्यानं पुन्हा विचारलं. पावलं हलत नव्हती. मला उत्तर द्यायची घाई नव्हती. कितीतरी महिन्यांनी दार माझ्या बाजूनं बंद होतं.